जोखमी हुंडी

आजोबांच्या पिढीत पेढीवर बसणाऱ्या माणसाला हुंडीचे प्रकार पाढ्यांसारखे पाठ असत. दर्शनी, मुदती, शाहजोग, धनीजोग. त्यातच एक जोखमी हुंडी. माल धाडणारा व्यापारी ती लिहायचा, सराफ कसर कापून विकत घ्यायचा, आणि माल ठिकाणावर सुखरूप पोचला तरच तिचे पैसे वसूल व्हायचे. वाटेत माल बुडाला किंवा लुटला गेला तर बुडायचे ते सराफाचे पैसे. व्यापाऱ्याने आधी घेतलेली रक्कम त्याच्याकडून परत मागता येत नसे. कसर एवढी का, याचं उत्तर या एका अटीत होतं.

आमचं बुऱ्हाणपूर हे सुरत–आग्रा वाटेवरचं मोठं नाकं. इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं, असं १७व्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए लिहून गेला आहे. सुरतेवर काढलेल्या हुंड्यांचे गावोगावचे दरही त्याने टिपून ठेवले. बुऱ्हाणपूरचा दर शेकडा २.५ ते ३, आग्र्याचा त्याहून चढा. चढा का, तर वाटेत माल गेला की पैसे देणाऱ्याचे पैसे गेले, हा धोका त्यात धरलेला असे. धोका कुणाच्या डोक्यावर आणि त्याचं मोल किती, हे तांडा तापी उतरण्याआधीच ठरलेलं असायचं. तापीच्या राजघाटावरच्या त्या हिशेबाला साडेतीनशे वर्षं होऊन गेली. आज त्याच गावचा माणूस विमानाचं तिकीट काढतो, तेव्हा हा धोका कुणाचा हे त्याला ठाऊक नसतं. तो बहुतांशी त्याचाच असतो.

बुऱ्हाणपुराहून कुठलंही प्रवासी विमान सुटत नाही. आम्हाला विमान म्हणजे इंदूर, नाहीतर जळगाव, फार तर छत्रपती संभाजीनगर. इंदूर सुमारे १८० किलोमीटर. असीरगड मागे टाकायचा, मग खंडवा, सनावद, मोरटक्क्याला नर्मदेचा पूल, बडवाह, सिमरोळचा घाट, आणि मग शहराची गर्दी चिरून देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ. पावसाळ्यात नर्मदा फुगली की मोरटक्क्याचा पूल बंद होतो, मग लांबचा वळसा. विमान दीड-दोन तासांचं, पण ते गाठायला चार-पाच तास हाताशी ठेवावे लागतात. आमचा प्रवास घराच्या उंबऱ्यावर सुरू होतो. कायद्याच्या लेखी तो विमानाच्या चाकाखालच्या लाकडी ठोकळ्यापाशी सुरू होतो. माझी मुख्य तक्रार या फरकाबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी बंगळुरूला, तिचं डोहाळजेवण मंगळवारी. आम्ही दोघं सोमवारी सकाळी दहाला निघालो. सोबत दराब्याचा डबा आणि हिरवी साडी. मोगऱ्याची वाडी इंदुरात घेऊ म्हणून ठेवली होती. संध्याकाळचं विमान. विमानतळाच्या दारात सुरक्षेच्या जवानाने तिकीट पाहिलं, वरच्या फलकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “अंकलजी, ये तो कैंसल है.” काउंटरवरच्या मुलीने संगणकात डोकावून शांतपणे सांगितलं की आम्ही तर काल दुपारीच कळवलं आहे. कुणाला? तिने नंबर वाचून दाखवला. तो आमच्या एजंटाचा होता. गावातला हा मुलगा सगळ्यांची तिकिटं आपल्याच दुसऱ्या मोबाइलवर काढतो, कारण ओटीपी यायला ते सोयीचं पडतं. रविवारी त्याचं दुकान बंद होतं, आणि तो मोबाइल ड्रॉवरमध्ये चार्जिंगला लावलेला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची जागा मिळाली. रात्र सरवटे बसस्थानकाजवळच्या लॉजवर काढली. बंगळुरूला पोचलो तेव्हा मंगळवारची रात्र होती. मुलीने तिथल्याच फुलवाल्याकडून आणलेली वाडी ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली होती, आईला दाखवायला. कळ्या कडेने तपकिरी पडल्या होत्या. गाडीवाल्याचं भाडं एका तिकिटापेक्षा जास्त झालं होतं.

आणि नियमाने पाहिलं तर कंपनीने काहीच वावगं केलं नव्हतं. मला त्या दिवशी राग आला होता. नियम वाचले तेव्हा राग गेला आणि एक वेगळीच अस्वस्थता आली.

नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे. ते पहिल्यांदा लागू झाले १५ ऑगस्ट २०१० पासून. उड्डाण रद्द करायचं तर कंपनीने निदान २४ तास आधी प्रवाशाला कळवावं, आणि दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं जे प्रवासी मागेल ते द्यावं. एवढं केलं की तिची जबाबदारी संपली. २४ तासांच्या आत कळवलं, किंवा कळवलंच नाही, तर वर भरपाई: तासाभराच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००. हे आकडे ऑगस्ट २०१६ पासूनचे; डिसेंबर २०२५ मध्येही हेच होते. तिकीट काढताना संपर्काचा धड पत्ता दिला नसेल तर भरपाई नाही. आमचा पत्ता म्हणजे एजंटाचा ड्रॉवर. चूक माझीही होती, हे कबूल करतो. पण छोट्या गावात निम्मी तिकिटं अशीच निघतात: दुबईला कामाला जाणाऱ्या पोरांची, उमऱ्याला जाणाऱ्या म्हाताऱ्यांची, दर्गा-ए-हकिमीला येऊन परतणाऱ्या बोहरी कुटुंबांची. ‘प्रवाशाला कळवलं’ या दोन शब्दांचा अर्थ मुंबईत एक आणि आमच्याकडे दुसरा होतो.

भरपाईचा आकडा मात्र वाचताना जेवढा भरीव वाटतो तेवढा नाही. त्यापुढे एक छोटी ओळ आहे: वरील रक्कम, किंवा तिकिटाचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. हे ‘जे कमी असेल ते’ म्हणजे या नियमाची खरी मेख आहे. समजा मूळ भाडं आणि इंधन मिळून ३,००० रुपये. मग ७,५०० हा आकडा फक्त शोभेचा. हातात येणार ३,०००. तिकीट जितकं स्वस्त तितकं नुकसान कमी, असं हे गृहीतक. तीन महिने आधी, पैसे वाचवायला, स्वस्तात तिकीट काढणारा माणूसच खरं तर अशा वेळी सगळ्यात जास्त अडकतो. आयत्या वेळी पाचपट भाडं देऊन दुसरं तिकीट घेण्याची त्याची ऐपत नसते, म्हणून तर त्याने आधी काढलेलं असतं.

गंमत अशी की प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द केलं तर कंपनी जास्तीत जास्त किती कापू शकते, त्याचीही मर्यादा मूळ भाडं अधिक इंधन आकार हीच आहे. कागदावर किती समतोल! तुम्ही मोडलंत तर एवढं, आम्ही मोडलं तर एवढंच. फक्त तुमच्यासाठी ‘अपवादात्मक परिस्थिती’ नावाचं कलम नाही. घरात मयत झाली तरी कापणी ठरल्याप्रमाणे. कंपनीसाठी आहे: राजकीय अस्थैर्य, नैसर्गिक आपत्ती, दंगल, पूर, स्फोट, सरकारी आदेश, संप, आणि जे जे तिच्या हाताबाहेरचं ते ते. एरवी काउंटरवर सांगायला ‘ऑपरेशनल रीझन’ आहेच. त्याचा अर्थ विचारायची सोय नाही. आम्ही विचारलं, तर मुलगी म्हणाली, “सर, ऑपरेशनल म्हणजे ऑपरेशनल.”

हाताबाहेरचं खरोखर काही असतं हे कुणी नाकारत नाही. धुक्याला कंपनी काय करणार? २००६ च्या डिसेंबरात दिल्लीहून हैदराबादला निघालेला एक प्रवासी धुक्यात असाच अडकला, लोक अदालतीत गेला, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. २०११ च्या निकालात न्यायालयाने धुक्याच्या खोळंब्याबद्दल भरपाई दिली नाही. ते मला पटतं. पण त्याच निकालात दोन गोष्टी आहेत ज्या आपण विसरतो. कमी भाड्याची कंपनी आहे म्हणून अडकलेल्या प्रवाशाची किमान काळजी टाळता येणार नाही, ही एक. आणि तिकिटावर ‘वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ असं छापलं म्हणून हैदराबादच्या लोक अदालतीचं दार बंद होत नाही, ही दुसरी.

विमानातला बिघाड मात्र धुक्यासारखा नाही. युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये अलितालिया कंपनीविरुद्धच्या खटल्यात हा फरक नेमका पकडला: विमान चालवणं हा ज्याचा धंदा आहे त्याच्यासाठी विमान बिघडणं ही अपवादात्मक गोष्ट नव्हे, ती त्या धंद्याचाच भाग. हातमागवाल्याने सूत तुटल्याची सबब सांगू नये, तसंच. तिथे अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो मिळतात, भाडं किती होतं हे कुणी विचारत नाही, आणि परिस्थिती अपवादात्मक होती हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर. तिथल्या कंपन्यांनाही हे जड जातं. खोळंब्याची तीन तासांची मर्यादा वाढवून घ्यायची त्यांची खटपट चालूच आहे. युरोप म्हणजे स्वर्ग, असं मला म्हणायचं नाही. पण प्रश्न त्यांनी योग्य जागी विचारला: हे आधी कोण ओळखू शकत होतं?

हा प्रश्न डिसेंबर २०२५ ला लावून पाहा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर, रात्रीच्या लँडिंगची मुभा सहावरून दोनवर. वैमानिकही माणूस आहे आणि पेंगत विमान उतरवू नये, एवढाच त्यामागचा विचार. नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला, आणि महिन्याभरात देशातल्या सर्वात मोठ्या कंपनीचं, इंडिगोचं, वेळापत्रक कोसळलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द. डीजीसीएच्या हिशेबाने ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणं रद्द झाली, १,८५२ रखडली, तीन लाखांहून जास्त लोक अडकले. बॅगांचे ढीग, जमिनीवर झोपलेली लेकरं, कुणाचं लग्न, कुणाचा मयतीचा प्रवास. ते सगळं टीव्हीवर आपण पाहिलं. यात धुकं कुठे होतं? जवळजवळ दोन वर्षं आधी नियम माहीत होते. कुणाला? कंपनीला, नियंत्रकाला. ज्याला माहीत नव्हतं तो एकटाच फरशीवर झोपला होता.

जोखमी हुंडीच्या भाषेत सांगायचं तर ज्याला वाटेतले चोर माहीत होते त्याने धोका घेतला नाही, आणि ज्याला माहीत नव्हते त्याच्या माथी मारला. सराफ असला व्यवहार करता ना.

सरकारने ६ डिसेंबरला भाड्याला मर्यादा घातली, ५०० ते १,००० किलोमीटरसाठी १२,००० रुपये. त्याचाच अर्थ, दुसऱ्या विमानाची जागा त्याहून महाग विकली जात होती. म्हणजे ४,००० रुपयांचं तिकीट रद्द झालं, ४,००० परत आले, आणि त्याच वाटेचं दुसरं तिकीट बाराला. परतावा म्हणजे भरपाई नव्हे, हे यापेक्षा स्वच्छ कसं सांगणार? कंपनीने २४ तासांच्या आत रद्द झालेल्यांना नियमाप्रमाणे भरपाई आणि फार हाल झालेल्यांना १०,००० रुपयांची व्हाउचर जाहीर केली, वर्षभरात वापरायची. ज्या खानावळीत पोट बिघडलं तिथलंच कूपन. पुढे जानेवारी २०२६ मध्ये डीजीसीएने कंपनीला २२ कोटी २० लाखांचा दंड ठोठावला. आकडा भारी वाटतो. तीन लाख माणसांनी भागून पाहिलं तर डोकं म्हणून ७४० रुपये भरतात. आणि दंड प्रवाशाच्या खिशात जात नाही. हाल एकाचे, वसुली दुसऱ्याची.

यावर विमानधंद्यातल्या लोकांचं एक उत्तर ठरलेलं आहे आणि ते अगदीच पोकळ नाही. या देशात विमानकंपनी चालवणं म्हणजे आतबट्ट्याचा खेळ. किंगफिशर गेली, एप्रिल २०१९ मध्ये जेट बसली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. भरपाईचा बोजा टाकला तर भाडी वाढतील, आणि शेवटी गरीब प्रवासीच भरेल. भाडी थोडी वाढतील हे खरं. पण टॅव्हर्निएच्या काळातही सुरतेच्या हुंडीत शेकडा अडीच-तीन जात होतेच, आणि व्यापारी ते मुकाट्याने देत होते, कारण त्या पैशांत रात्रीची झोप विकत मिळत होती. धोका फुकट नाहीसा होत नाही. तो सगळ्यांत थोडाथोडा वाटायचा की ज्याचं दैव फुटकं निघालं त्या एकाच्या डोक्यावर सगळा टाकायचा, एवढंच आपल्या हातात असतं. आज आपण दुसरा मार्ग धरलाय आणि त्याला ‘स्वस्त तिकीट’ म्हणतो. शिवाय कंपनीला धोक्याची किंमत मोजावी लागली तरच ती चार वैमानिक जास्त ठेवेल. फुकटात जात असेल तर कशाला ठेवेल?

राहता राहिला हक्क बजावण्याचा प्रश्न. इथे कायद्याने खरोखर एक चांगलं पाऊल टाकलं आहे आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. आता तक्रार करणारा जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पूर्वी कंपनीचं कार्यालय किंवा व्यवहाराची जागा शोधत जावं लागे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. २००३ पर्यंत आम्ही खंडवा जिल्ह्यातच होतो. लहानसहान कामाला खंडवा गाठावं लागे. त्या मानाने ही चैनच.

आणि न्यायालयं घरापासूनचा प्रवास बघू शकतात, याचंही उदाहरण आहे. तेही रेल्वेचं. अजमेर–जम्मू गाडी २०१६ मध्ये चार तास उशिरा पोचली, एका कुटुंबाचं जम्मूहून श्रीनगरचं विमान हुकलं, त्यांना टॅक्सी करून जावं लागलं. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेवरची ३०,००० रुपयांची भरपाई कायम केली. उशीर का झाला हे रेल्वेला सांगता आलं नाही, म्हणून. टॅक्सीचे पैसे वेगळे धरले, बुकिंगचे वेगळे, मनस्तापाचे वेगळे. गाडी, विमान, टॅक्सी हे त्या माणसाच्या लेखी एकच जाणं होतं, आणि न्यायालयाला ते तसंच दिसलं. डीजीसीएच्या नियमाला ते दिसत नाही. पुढचं विमान हुकल्याची भरपाई मिळते, पण दोन्ही एकाच तिकिटावर असतील तरच. बुऱ्हाणपूर ते इंदूर हा तुकडा कुणाच्याच तिकिटावर नाही.

पण पाच वर्षं लढून ३०,००० मिळवणारी माणसं किती? तीन हजारांसाठी तीन तारखांना कोण जाणार? यंत्रमागावर पाळी असलेला माणूस एक दिवस बुडवतो तेव्हा त्याची मजुरी बुडते. मागितल्यावर मिळणारा हक्क हा मागायची सवड असणाऱ्यांचा हक्क असतो, म्हणजे वकिलांचा, पेन्शनरांचा आणि हट्टी माणसांचा. मी त्यातल्या शेवटच्या दोनांत मोडतो, तरी गेलो नाही. म्हणून माझं म्हणणं असं की भरपाई मागावी लागूच नये. उड्डाण रद्द झालं की ज्या खात्यातून पैसे आले त्यात ठरलेली रक्कम आपोआप पडावी, आणि परिस्थिती अपवादात्मक होती असं कंपनीला वाटत असेल तर तिने नियंत्रकाकडे जाऊन ते सिद्ध करावं. हे काही आकाशातलं मागणं नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या लखनौ–दिल्ली तेजस गाडीला तासाभराहून जास्त उशीर झाला तर १०० रुपये आणि दोन तासांहून जास्त झाला तर २५० असा नियम केला होता. रक्कम किरकोळ, पण तत्त्व पक्कं. आणि खिडकीची जागा विकायला, खाणं विकायला, विमा विकायला ज्या कंपनीचे दिवसाला तीन मेसेज येतात, तिला माझं खातं सापडत नाही असं कसं म्हणू?

जळगावबद्दल एक सांगतो, मग थांबतो. आम्हाला ते इंदूरच्या निम्म्या अंतरावर. उडान योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई–जळगाव छोटं विमान सुरू झालं, केवढा गाजावाजा. ते थोड्याच दिवसांत बंद पडलं. २०१९ मध्ये दुसरी कंपनी आली. पुढे त्या कंपनीनेच उडणं सोडलं. २०२४ मध्ये पुन्हा नवी विमानं सुरू झाली, गोवा, हैदराबाद, मुंबई. एखाद दिवसाचं उड्डाण रद्द झालं तर निदान नियम आहे. अख्खी वाटच रद्द झाली तर त्याला नाव नाही. अशा वाटांवर तोटा भरून काढायला सरकार कंपनीला पैसे देतं, म्हणजे तिचा धोका आपण सगळे मिळून वाहतो. त्या वाटेच्या भरवशावर केळीचा सौदा किंवा पोराचं शिक्षण बेतणाऱ्याचा धोका मात्र त्याचा त्याने वाहायचा.

परवा बंगळुरूचं तिकीट काढायला पुन्हा त्याच एजंटाकडे गेलो. नातू आता शाळेत जातो. पोराने सवयीने मोबाइलच्या रकान्यात आपला नंबर टाकला. म्हटलं, खोड तो, माझा टाक. तो हसला. “टाकतो काका. पण मग रात्री-अपरात्री मेसेज तुम्हालाच येतील.” मी म्हटलं, येऊ दे. त्याने नंबर बदलला, आणि पडदा माझ्याकडे वळवून विचारलं, “खाली विमा विचारतोय. टिक करू?”